सोसायटीचं मिनी थिएटर आणि माझी दुपारची झोप

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. हा नमस्कार नेहमीसारखा कागदावरचा नाही, खराखुरा आहे. कारण परवापासून कमरेत उसण भरल्यामुळे मी पालथाच पडलेलो आहे आणि हे पत्र उशीवर वही ठेवून, हनुवटी टेकवून लिहितो आहे. (अक्षर वाईट आहे असं म्हणशील. ते पहिल्यापासून असंच आहे, पण आता निदान कारण मिळालं.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला त्यांच्या ताब्यात आहे, की अजून ते खोकल्याच्या ताब्यात आहेत? त्यांना माझा नमस्कार सांग, आणि बाहेरची हवा फार खाऊ नका म्हणावं. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. खुशाल म्हणजे मी सोडून.

फोन न करता पत्र कशाला, असं तुला वाटेल. आमच्या घरात फोनवर बोललेलं चारही खोल्यांत ऐकू जातं, आणि मला जे सांगायचं आहे ते या घरातल्या कोणाच्याही कानावर जायला नको आहे. तेव्हा पत्र वाचून झालं की फाडून टाक. (भावोजींना दाखवायचं असेल तर दाखव, पण ते मोठ्यानं वाचतात हे लक्षात ठेव.)

तुला आठवत असेल, आम्ही हा फ्लॅट घेतला तेव्हा चिरंजीव एक रंगीत पुस्तिका घेऊन आले होते. तिच्यात घराचं चित्र एकच आणि बाकी सगळी पानं पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, धावपट्टी, ध्यानाची खोली, ज्येष्ठांचा कट्टा अशा गोष्टींनी भरलेली. प्रत्येक चित्रात माणसं दात काढून हसत होती. मला वाटलं होतं ती फ्लॅटबरोबरच मिळणार. हॉल एवढासाच का, असं मी विचारलं, तर विकणारा गृहस्थ म्हणाला की काका, घरात बसायचंच कशाला, खाली एवढं सगळं आहे! मी पाणीपुरवठा खात्यात जन्म घालवलेला माणूस. आश्वासनं कशी असतात ते मला चांगलं कळतं, कारण मी ती स्वतः दिलेली आहेत. तरीही फसलो. राहायला आल्यावर कळलं की तलावाच्या काठावर नियमांची जी पाटी आहे ती वाचून होईपर्यंत तलाव बंद व्हायची वेळ होते. व्यायामशाळेतल्या धावायच्या यंत्रावर कोणीतरी टॉवेल वाळत घालतं. (कोण ते मला माहीत आहे. आपला टॉवेल मी ओळखतो.) ध्यानाच्या खोलीतून आवाज बाहेर जात नाही, म्हणून कमिटीवाले भांडायला तिथे जातात. आणि ज्येष्ठांच्या कट्ट्यावर एक गृहस्थ स्वतःच्या पित्ताशयाची हकिकत सांगत बसलेले असतात. ती मी आरंभापासून ऑपरेशनपर्यंत ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आरंभावर आले. तेव्हापासून मी तो रस्ता सोडला.

आता मुख्य गोष्ट. माणसाला म्हातारपणी काय लागतं? जेवण झाल्यावर घटकाभर झोप. बस. पण आमचे चिरंजीव घरूनच काम करतात, म्हणजे हॉलमध्ये येरझाऱ्या घालत परमुलखातल्या माणसांना "ऐकू येतंय का?" असं विचारतात. ताई, त्यांना ऐकू येतं. मध्ये यंत्र नसतं तरी आलं असतं. सूनबाई आतल्या खोलीत बसून नोकरीसाठी आलेल्या लोकांच्या मुलाखती घेते. एकदा मी चष्मा शोधायला बनियनवर तिच्या पाठीमागून गेलो, तर पलीकडच्या उमेदवारानं मला कंपनीचा मालक समजून उभं राहून नमस्कार केला. (त्याला नोकरी मिळाली नाही. माणूस चांगला वाटला होता.) त्यानंतर दुपारी मी घरात कुठे असावं याबद्दल थोडी चर्चा झाली. मी मानी माणूस आहे. कोणी जा म्हणायच्या आत मी म्हणालो, मला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, मी दुपारी खाली धावपट्टीवर जात जाईन. तुझी वहिनी म्हणाली, जा. जरा थांबून म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

पहिल्या दिवशी मी खरंच चाललो, नाही असं नाही. पण धावपट्टी जिथे वळते तिथे क्लबहाऊसचं मागलं दार आहे, ते उघडं होतं, आणि आत मिनी थिएटर! काळोख. गारवा. लाल मखमलीच्या मोठाल्या खुर्च्या, हातापाशी बटण, ते दाबलं की पाठ मागे जाते आणि पाय आपोआप वर येतात. आणि तिथे चिटपाखरू नाही, कारण तिथलं सिनेमा दाखवायचं यंत्र बसवल्यापासून कोणाला चालू करता आलेलं नव्हतं. ताई, मागच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत मी पाठ टेकली आणि माझ्या तोंडून "आई गं" असं निघालं, ते सुखाचं होतं. त्या दिवसापासून ती खुर्ची माझी. आयुष्यात मला स्वतःची म्हणून अशी एकच जागा मिळाली. (ऑफिसातली खुर्ची होती, पण तिच्यासमोर लोक तक्रारी घेऊन उभे असत.) घरी परतताना जिन्याशी थोडं पळायचं, म्हणजे धाप लागते आणि चेहऱ्याला चालून आल्याची कळा येते. तुझी वहिनी म्हणायची, एवढं चालता तरी पोट आहे तिथेच कसं? मी म्हणायचो, आनुवंशिक आहे. तुझं नाव पुढे करावं लागलं, राग मानू नकोस.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना लिफ्टशेजारी नोटीस लागली. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष हे एक उत्साही गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे दोन मोटारी आहेत आणि जागा एकीलाच आहे, यावरून तू काय ते समज. नोटिशीत लिहिलं होतं की मिनी थिएटर कोणीही वापरत नसल्यामुळे ते पाडून तिथे गाड्या उभ्या करण्याची सोय करावी, या विषयावर रविवारी सर्वसाधारण सभा होईल. मी ती नोटीस दोनदा वाचली. कोणी वापरत नाही म्हणजे काय? मी रोज वापरतो! पण हे सांगायचं कसं? सभेत उभं राहून "मी तिथे झोपतो" असं म्हणालो, तर थिएटर वाचेल की नाही ठाऊक नाही, पण धावपट्टीची थाप उघडी पडेल, आणि तुझ्या वहिनीला तू ओळखतेस. आरडाओरडा करणार नाही. नुसतं "अस्सं" म्हणेल. ते "अस्सं" मला झेपत नाही.

तेव्हा मी डोकं चालवलं. (हे मी क्वचित करतो आणि दर वेळी पस्तावतो.) मी नोटिशीच्या शेजारी दुसरी नोटीस लावली: "चित्रपट अभ्यास मंडळाची स्थापना. रोज दुपारी मिनी थिएटरात निवडक जागतिक चित्रपट. प्रवेश सर्वांना खुला. विषय गंभीर." गंभीर हा शब्द मी मुद्दाम घातला, म्हणजे कोणी फिरकणार नाही. मंडळ कागदावर राहील, थिएटर वापरात आहे असं सिद्ध होईल आणि मी कोपऱ्यात झोपेन. पण ताई, लोकांचं काही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी डोळे चोळत उठतो तो समोर आठ-दहा मंडळी बसलेली! तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकबाई तर वही-पेन घेऊन आल्या होत्या. मी पटकन खुर्ची सरळ केली (ती एकदम सरळ होते आणि माणसाला पुढे फेकते) आणि त्या झोकातच सगळ्यांसमोर जाऊन उभा राहिलो. लोकांना तो माझा उत्साह वाटला. (घरी मी सांगितलं की चालणं झालं की मंडळाचं जरा बघतो.)

आता सिनेमा कुठून आणायचा? पडद्यामागे तारांचा एक भलामोठा गुंता होता. सोसायटीच्या वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, साहेब, यातली कुठली तार कुठे जाते ते बसवणाऱ्यालाच माहीत, आणि तो कधीच निघून गेला. मग त्यानं एकेक तार लावून बघायला सुरुवात केली. बऱ्याच वेळानं पडदा उजळला. चित्र आलं. एक लहानशी खोली, भिंती पत्र्याच्या, एका बाजूला आरसा. खोली रिकामी. आवाज नाही. मी दिवे घालवले, "आता शांतपणे पाहू या" असं म्हणालो आणि सुटलो एकदाचा म्हणून कोपऱ्यात जाऊन बसलो. खूप वेळ काहीच घडलं नाही. रिकामी खोली तशीच. प्रेक्षकही जागचे हलले नाहीत. प्राध्यापकबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, काय हा एकाकीपणा! पित्ताशयवाले गृहस्थ म्हणाले, परदेशी दिसतोय, आपल्याकडे इतका वेळ काही न घडता राहत नाही. मग त्या खोलीचं दार सरकलं आणि एक माणूस आत आला. त्यानं आरशात बघून भांग पाडला. नाकातला केस ओढून पाहिला. पुढच्या रांगेतल्या काकू म्हणाल्या, हा नट कुठेतरी पाहिलाय. आणि मग सगळ्यांना एकदमच उमगलं की ती खोली म्हणजे आपली लिफ्ट, आणि नट म्हणजे आपले अध्यक्ष.

वायरमननं पहाऱ्याच्या कॅमेऱ्याची तार लावली होती. मी उठून बंद करायला निघालो, खरंच निघालो, पण चार जणांनी मला धरून खाली बसवलं. अध्यक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर राहतात, त्यामुळे त्यांचा प्रवास लांबचा. भांग झाल्यावर त्यांनी आरशासमोर भाषणाची तालीम सुरू केली. आवाज नव्हता, पण हातवारे काय ते! एक बोट हवेत. मग डावीकडे झुकणं. मग छातीवर हात, मग खिशातून रुमाल काढून डोळे टिपणं, आणि शेवटी हाताची घडी घालून विजयी मुद्रेनं सभोवार बघणं. प्राध्यापकबाई म्हणाल्या की तो बायकोची क्षमा मागतोय. काकू म्हणाल्या की त्या बाईनं क्षमा करू नये. पुढे यावर वाद झाला.

दुसऱ्या दिवशी थिएटरात पाय ठेवायला जागा नव्हती. हे असं दुसऱ्यांचं बघणं अतिशय चुकीचं आहे, असं प्रत्येकानं आत शिरताना मला बजावलं आणि मग पुढची जागा धरली. बायका शेंगा सोलायला घेऊन येऊ लागल्या. त्याहून गंमत म्हणजे आपण पडद्यावर दिसतो हे कळल्यावर लोक लिफ्टमध्ये ठेवणीतले कपडे घालून शिरू लागले. कधी कोणाला ओळख न देणारे दुसऱ्या मजल्यावरचे वकील कॅमेऱ्याकडे बघून हात जोडायला लागले, तर थिएटरातून त्यांना उलट नमस्कार जायचे. एक जोडपं पाच वर्षं पायऱ्या चढत होतं, प्रकृतीसाठी. तेही लिफ्टनं जाऊ लागलं. आणि रोज ठरल्या वेळी अध्यक्षांचा प्रवेश व्हायचा. रुमालाच्या जागेपाशी टाळ्या पडायच्या. आमच्या सोसायटीत काही म्हणता काही गुप्त राहत नाही, पण हे अध्यक्षांना कळलं नाही, कारण त्यांच्याशी कोणी बोलतच नसे.

या सगळ्यात माझी झोप गेली, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. पण मी म्हटलं, चालेल. रविवारपर्यंत कळ काढू. थिएटर वाचलं की खुर्ची वाचली, खुर्ची वाचली की झोप वाचली.

रविवारी सभा भरली. अध्यक्ष उभे राहिले. बोट हवेत गेलं आणि सभेत आनंदाची लहर पसरली. ते डावीकडे झुकले, तशी पुढची रांगही त्यांच्याबरोबर डावीकडे झुकली. ते गोंधळले, पण सावरले. मग छातीवर हात ठेवून ते सांगू लागले की वयोवृद्ध सभासदांना गाडी लांब लावून पायपीट करावी लागते, आणि त्यांचा हात खिशाकडे जायच्या आतच सगळ्या सभेनं रुमाल बाहेर काढले. अध्यक्षांनी घाबरून मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं कोणी गेलं की काय. पुढचं भाषण ते विसरले. शेवटचं तेवढं आठवत असावं, कारण त्यांनी एकदम आवाज चढवून विचारलं, "हे थिएटर आजवर एकदा तरी कोणी वापरलंय का? वापरलं असेल त्यांनी हात वर करा!" आणि हाताची घडी घालून, विजयी मुद्रेनं त्यांनी सभोवार पाहिलं.

ताई, सगळ्या सभेचे हात वर होते. पण सर्वांत आधी जो हात वर गेला तो तुझ्या वहिनीचा होता. जी बाई मला सभेच्या आदल्या दिवसापर्यंत विचारत होती की ते थिएटर नेमकं आहे कुठे, तिनं भर सभेत, माझी अब्रू राखायला, हात वर केला. मला भरून आलं. इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्यासाठी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. माझ्याबद्दल खरं बोलल्याचे प्रसंग मात्र पुष्कळ आठवतात. मी रुमाल काढला. माझ्या शेजारच्यांना वाटलं मी नक्कल करतोय, म्हणून तेही हसले.

थिएटर वाचलं. आणि मी बुडालो. कारण सभेनं तिथल्या तिथे ठराव केला की इतकं लोकप्रिय थिएटर नीट चालवायला हवं. लिफ्टची तार काढली (प्राध्यापकबाईंनी विरोध नोंदवला), नवं यंत्र आणलं, आणि सकाळपासून रात्रीपर्यंतच्या सगळ्या वेळा वाटून दिल्या. दुपारची वेळ चित्रपट अभ्यास मंडळाला, आणि मंडळाचा आजन्म कार्यवाह म्हणून मला. म्हणजे आता जेवण झालं की मी पडद्याशेजारी उभा राहून दोन शब्द बोलतो, आणि माझ्या कोपऱ्यातल्या खुर्चीत पित्ताशयवाले गृहस्थ झोपतात. घोरतात. परवा ते पाणी प्यायला उठले तेवढ्यात मी संधी साधून तिच्यात शिरलो, डोळा लागला, आणि त्यांनी परत येऊन अंधारात मी नाहीच असं समजून बटण दाबलं. खुर्ची सरळ झाली, मी पुढे फेकला गेलो, आणि कंबर तिथेच धरली. मला घरी लिफ्टनं आणलं.

असो. पत्र फार लांबलं. इथला पंखा आवाज करतो आणि हनुवटी दुखू लागली आहे. तू प्रकृतीला जप, जिन्यानं चढू नकोस, आणि भावोजींना म्हणावं की तुमची आठवण येते. दोघांच्या पाया पडतो. (पडलेलाच आहे.)

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : तुमच्या सोसायटीत तळमजल्यावर वाचनालय आहे आणि तिथे कोणीही येत नाही, असं भावोजी मागे म्हणाले होते. अजूनही कोणी येत नाही ना? खात्री करून कळव. तिथे खुर्च्या असतील असं धरून चालतो.

दुसरा ता. क. : कंबर सरळ झाली की दोन बस बदलून मी रोज जेवण करून येऊ शकेन. फक्त तू मला बोलावल्याचं एक पत्र पाठव. गुडघा फार दुखतोय, दुपारी कोणीतरी जवळ हवं, भावाखेरीज मला कोण आहे, असं काहीतरी लिही. पत्र घरी उघडं वाचलं जाईल, तेव्हा करुण लिही. मी येऊन तुझी विचारपूस करीन आणि मगच खाली जाईन. मी तिथे आहे हे मात्र कोणाला सांगू नकोस. निदान कोणी मंडळ काढणार नाही एवढं बघ.

---

वन्संना सा. न.

हे पत्र ह्यांनी पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट चिकटवायचं विसरून. वाचलं. मी सभेत खोटं बोलले नाही. रोज हे खाली गेले की थोड्या वेळानं मी जाऊन दाराच्या फटीतून झोप लागली का ते बघून येत असे. गारवा जास्त असला तर गार हवेचं यंत्र कमी करून यायची, नाहीतर ह्यांना सर्दी होते आणि ती मला भोवते.

ह्यांना वाटतं घरात दुपारी अजून कालवा असतो. मुलगा आणि सून केव्हापासून जेवण झालं की क्लबहाऊसमधल्या कामाच्या खोलीत जाऊन बसतात, चहाला वर येतात. हे त्यांच्या आधी जातात नि नंतर येतात, म्हणून ह्यांना पत्ता नाही. मीही सांगितलं नाही. वन्सं, सारा जन्म माणसांच्या गराड्यात गेला. चहापर्यंत सबंध घर माझ्या एकटीचं असतं. मी काही करत नाही. हॉलच्या मधोमध खुर्ची टाकून पाय पसरून बसते. सोसायटीतल्या सगळ्या सोयींत मला हीच आवडली, आणि थिएटर पाडलं असतं तर पहिली तीच गेली असती.

आता ह्यांची कंबर धरल्यापासून हे घरी, आणि सेवेला म्हणून मुलगा-सूनही घरी. मी कट्ट्यावर जाऊन पित्ताशय ऐकून आले, एवढ्यावरून काय ते समजा.

तेव्हा पत्र जरूर पाठवा. गुडघा फारच दुखतोय असं लिहा, मी घाबरल्यासारखं करीन. वाचनालयातल्या खुर्च्या कशा आहेत तेही कळवा. लाकडी असतील तर ह्यांच्याबरोबर उशी देते.